शुक्रवारचा बर्फ

बदलापुरातल्या आमच्या कुळगावच्या मासळीबाजारात बर्फाचा तो खारट वास आला की माझी मान आजही गार पडते.

पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. उल्हासनगरच्या कॉलेजातला फ्रीज बिघडला, म्हणून महिनोन्‌महिने पानांतून गाळून काढलेलं, थंडीतच टिकणारं एन्झाइम मी काचेच्या नळ्यांत भरून घरी आणून फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी ठेवलं. शुक्रवारी बदलापुरात दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट जाते, हे लेकीच्या तापात आणि बुद्धविहारातल्या मुलांचं नाटक बसवण्याच्या धावपळीत डोक्यातून पार गेलं होतं. दुपारी फ्रीज उघडला तर आत कोमट हवा, आणि नळ्यांमधलं पाणी गढूळ झालेलं. मी तिथेच फरशीवर बसले. रडायलाही जमेना.

सासूबाई उघडा फ्रीज बघून बाहेर गेल्या. शुक्रवार म्हणजे मासळीचा दिवस. कोळणीकडून थर्माकोलचा खोका भरून बर्फ घेऊन आल्या आणि एकेक नळी त्यात खोचू लागल्या.

“आता काही उपयोग नाही, आई,” मी म्हणाले.

“असू दे गं. ठेवते मी.”

तेवढ्यात नाटकातली मुलं दारात आली. “ताई, आज प्रॅक्टिस है ना?”

“आज नाही रे,” सासूबाई म्हणाल्या. “घरात आजारी माणूस आहे.”

तेव्हा मला वाटलं, नातीबद्दलच म्हणतायत. पण लेक तर ताप उतरून आत खेळत होती, हे आता आठवताना लक्षात येतं. दार लावून त्या माझ्याजवळ खाली बसल्या, बर्फाने गार पडलेला हात माझ्या मानेवर ठेवला, आणि लाइट येईपर्यंत काढला नाही.