सुटकेसमधला दवाखाना

मुलाकडे अमेरिकेत, सनीव्हेलला जाताना आमच्या एका बॅगेत फक्त औषधं असत. ती माझी हौस नव्हती. निघण्याआधी मुलाचा फोन येई आणि काय काय हवं ते तो सांगे: तापाच्या गोळ्या, अँटिबायोटिक्स, कानात घालायचे थेंब. त्याच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये पुण्या-नागपूरची बरीच मुलं राहत. निवृत्त डॉक्टर बाप आला की सगळ्यांची सोय होई. इथे औषध देण्याचा मला अधिकार नाही, हे मी प्रत्येकाला सांगत असे. प्रत्येक जण मान डोलावत असे आणि मग जीभ दाखवत असे.

२००२ साली कंपन्या माणसं काढत होत्या. मुलाचा एक नागपूरचा मित्र नोकरी गेल्यामुळे आमच्या हॉलमध्ये गादी टाकून राहत होता. हुशार होता, वाद घालायची खोड होती. एका रविवारी जेवताना माझ्या इंग्लंडमधल्या नोकरीचा विषय निघाला. साठच्या दशकात तिथल्या एका गिरणगावच्या सरकारी इस्पितळात मी होतो. उपचारासाठी कुणी पाकीट काढल्याचं मी तिथे पाहिलं नाही, एवढंच म्हणालो.

"फुकट दिलं की लोक आळशी होतात यार... सॉरी, काका," तो म्हणाला. "इथे बघा. काम करा, बेनिफिट्स घ्या. सिंपल."

"आणि काम गेलं तर?"

"तर माझ्यासारखं मित्राच्या हॉलमध्ये झोपा!"

सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याने पोट धरलं.

"काय होतंय?"

"काही नाही काका, ॲसिडिटी. काल काकूंनी गोळी दिलीय."

पत्नीने माझ्याकडे पाहायचं टाळलं. मी त्याला सोफ्यावर आडवा केला. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं होतं. तिथे हळूहळू दाबलं आणि हात एकदम उचलला. तो ओरडला. अपेंडिक्स होतं. शंकेला जागा नव्हती.

"गाडी काढ," मी मुलाला म्हणालो.

तो उठला नाही. "बाबा, त्याचा इन्शुरन्स जॉबबरोबर गेला. स्वतःच्या पैशाने चालू ठेवता आला असता, पण त्याला ते झेपलं नाही. एमर्जन्सीत नेलं तर बिल काय येईल, कल्पना आहे तुम्हाला?"

"काका, तुमच्याकडे स्ट्राँग अँटिबायोटिक असेल ना?" सोफ्यावरचा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "उद्याचं तिकीट काढतो. नागपूरला ऑपरेट करून टाकतो. सगळे तेच करतात."

"विमानात फुटलं तर नागपूरला तुझं प्रेत पोचेल. गाडी निघत नसेल तर मी ॲम्ब्युलन्स बोलावतो."

ॲम्ब्युलन्सचं बिल वेगळं येतं. तेव्हा कुठे मुलाने किल्ल्या उचलल्या.

इस्पितळाने त्याला परत पाठवलं नाही, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. नर्सने लगेच आत घेतलं, शस्त्रक्रिया तातडीने झाली. पण वेदनेने वाकलेल्या त्या मुलापाशी एक बाई कागद घेऊन आली आणि तिने इन्शुरन्स कार्ड मागितलं. "नाही," तो म्हणाला. चोरी पकडली गेल्यासारखा.

बाहेर बसलो असताना मला इंग्लंडमधली आमच्या वॉर्डची वयस्क मुख्य नर्स आठवली. तिच्या लहानपणी विमा होता तो फक्त कामावर जाणाऱ्याला. बाप आजारी पडला तर डॉक्टर, आईने मात्र सोसायचं. आईच्या छातीत गाठ झाली. ती तिने घट्ट कपड्यांखाली दडवली, कारण डॉक्टरची फी म्हणजे आठवड्याचं जेवण. महायुद्धानंतर कायदा झाला आणि दवाखाने सर्वांना खुले झाले, तेव्हा वर्षानुवर्षांची दुखणी घेऊन बायकांच्या रांगा लागल्या. तिची आई त्या रांगेत नव्हती. कायद्याला उशीर झाला होता. "त्या बायका आळशी नव्हत्या, डॉक्टर," ती मला म्हणाली होती. "वाट पाहत होत्या." एका पिढीतच त्या गावात डॉक्टरकडे जाणं ही लपवायची गोष्ट राहिली नाही. मी पोचलो तेव्हा गिरणीतला झाडूवाला सर्दीसाठीही हक्काने येत असे आणि उशीर झाला तर मला फैलावर घेत असे.

ही हकिगत मी जुना इतिहास म्हणून ऐकली होती. ती मला कॅलिफोर्नियात, संगणकांच्या राजधानीत, जशीच्या तशी भेटली. नोकरी असेल त्याने बरं व्हावं. नोकरी गेली त्याने दुखणं दडवावं आणि तरीही दडवणाऱ्यानेच व्यवस्थेचे गोडवे गावेत. मला राग आला तो त्या मुलाचा नव्हे. मरणापेक्षा बिलाला भ्यायला ज्यांनी त्याला शिकवलं, त्यांचा आला.

तो वाचला. घरी आल्यावर पाया पडायला वाकू लागला, तेव्हा टाके ताजे आहेत म्हणून मी रागावलो. बिल पुढे कित्येक महिने हप्त्यांनी येत राहिलं. दुसरी नोकरी मिळाली, ती त्याने पगार न विचारता घेतली. इन्शुरन्स आहे का, एवढंच विचारलं.

आम्ही परत निघालो तेव्हा विमानतळावर सोडायला तोच आला होता. बॅगा उचलून देताना म्हणाला, "काका, नेक्स्ट टाइम अँटिबायोटिक्स जरा जास्त आणा हं. सगळ्यांना पुरत नाहीत."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"आणणार नाही," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी दोन बॅगा भरून नेल्या.