बिशपच्या परवानगीआधी

माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याच्या तागडीखाली हात घालून बघणारी बाई मी. त्यात नर्स झालेली माझी एकुलती लेक म्हणाली, "आई, लग्न करीन तर त्याच्याशीच." अन् तो निघाला कॅथलिक! आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली स्वतः होऊन धम्म घेतला, अन् आता हे लोक गोड बोलून माझ्या पोरीला त्यांच्यात ओढणार, असंच मी धरून चालले. दोन महिने तिच्या ताटाला ताट लावून जेवले नाही. "तुझ्या लग्नाला मी पाय ठेवणार न्हाई," असं तोंडावर सांगितलं.

तरी परभणीच्या चर्चमध्ये तिच्यासंगं गेले, ते पाळत ठेवायला. फादर म्हणाले, लग्न दोन धर्मांतलं, म्हणून बिशपची परवानगी लागते.

"अन् बिशपच्या वर कोण?"

"आर्चबिशप. मग रोमला पोप. पण हा अर्ज बिशपच्या वर जात नाही, बाई."

तलाठी, तहसीलदार, कलेक्टर! माझी पोरगी म्हणजे काय सातबारा हाय?

"पोरीची सही कशावर घेणार?"

"आपला धर्म सोडणार नाही, लेकरांनाही तोच द्यायचा प्रयत्न करीन, असं मुलगा लिहून देतो. मुलीला ते कळलं पाहिजे, एवढंच. तिनं धर्म बदलायची गरज नाही."

एवढंच म्हणे! चष्मा लावून मी कागद दोनदा वाचला. लेक शरमेनं लाल झाली.

मग त्यांनी तिला एकटीला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर माझा जीव जळायला लागला, काय पढवायलेत हिला? ती बाहेर आली अन् फादरांनी मलाच बोलावलं, मुलीकडची साक्षीदार म्हणून. खरं सांगेन, असं आधी वदवून घेतलं.

"मुलीचं आधी लग्न झालंय?"

"न्हाई."

"तिच्यावर कुणाचा दबाव आहे?"

आता बोट दाखवायला समोर कुणीच नव्हतं.

"हाय. माझा. लग्न करू नको म्हणून."

फादरांनी पेन खाली ठेवलं. "तिलाही हेच विचारलं होतं," एवढंच म्हणाले.

आमच्या गावी, झरीला परतताना बसमध्ये मी लेकीला विचारलं, "दबावाचं विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

"कुणाचाच न्हाई म्हटलं. आई रागावलीय, पण लग्नाला येईल." मग हळूच म्हणाली, "खोटं सांगितलं का गं मी?"

"न्हाई," मी म्हटलं, अन् रडू दिसू नये म्हणून खिडकीकडं तोंड केलं.

बिशपचा कागद त्यानंतर तीन आठवड्यांनी आला.