कंदिलातलं नाव

"त्याच्या तोंडानं माझं नाव घ्यायला लावीन, मंगच मरीन," असं जनकाबाई एकदा म्हणाली. म्हणताना तिची कात्री थांबली नव्हती.

शिरड शहापूरच्या बौद्धवाड्यात तिचं घर. बाप सटवाजी निजामाच्या काळात मोहरमच्या ताबुतांना कागदाची जाळी कापायचा. त्याच्या मांडीशी बसून ती शिकली. जयंतीच्या पताका, लग्नाची तोरणं, सगळं गाव तिच्याकडून करून घ्यायचं.

१९७३ च्या दिवाळीत जवळा बाजारच्या पुनमचंद शेटनं प्रत्येक लुगड्यावर एक कागदी कमळ भेट द्यायचं ठरवलं. गुलाबी चौकोनी कागद, खळ नाही, कात्री नाही, नुसत्या घड्या. अशी तीनशे कमळं जनकाबाईनं केली. बाजाराच्या दिवशी ती लेकीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला त्याच दुकानात गेली, तेव्हा शेट गिऱ्हाइकांना सांगत होता, "खास मुंबईहून मागवलं." तिचं लुगडं त्यानं लांबूनच पायरीवर टाकलं. कमळ दिलं नाही.

"शेटजी, माझं कमळ?"

"तुला काहून पायजे गं? तुमच्यात देवघर तरी हाय का?"

दुकान हसलं. तीनशे देवघरांत तिची कमळं बसली, आणि ती पायरीवर उभी.

दोन वर्षं तिनं तो राग निवू दिला नाही. मग शेटनं दुकान वाढवलं आणि दारात टांगायला माणसाएवढा आकाशकंदील मागितला. तिनं लगेच हो म्हटलं. बाहेरून पिवळा पतंगी कागद, त्यावर दुकानाचं नाव. आतून मात्र काळ्या पुठ्ठ्याची दुसरी भिंत, आणि त्या पुठ्ठ्यात अक्षरं कापलेली. 'ब'च्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून तिनं तिथं दोऱ्याएवढा पुठ्ठा राखला. त्या एका अक्षराला तिला दोन दिवस लागले. दिवसा बाहेरून काही कळत नव्हतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी हिंगोलीचे कापडवाले मोहनसिंग यांनी बटण दाबलं. दुकानाचं नाव काळवंडलं. त्याच्या जागी उजेडात आलं: हे काम जनकाबाईचं, शिरड शहापूर.

"शेट, ही जनकाबाई कोण?" मोहनसिंगनी विचारलं.

"असंल कुणीतरी."

"असंल काय?" गर्दीतली पारुबाई म्हणाली. "ती काय पायरीवर उभी हाय. तुमची मुंबई शिरडलाच निघाली की, शेट."

लोक हसले. या वेळी हसणं त्याच्यावर होतं.

"सांगा की," मोहनसिंग म्हणाले.

शेटनं घाम पुसला. "जनकाबाई," तो म्हणाला. "कमळं हिनंच केली होती." मग घाईनं, "या जनकाबाई, आत या. बसा. औंदा पाचशे करा. तुमचं नाव छापू पिशवीवर."

ती पायरी चढली. गादीजवळ नमुन्याचं जुनं कमळ ठेवलेलं होतं. तिनं ते उचललं आणि एकेक पाकळी उलटी मोडत गेली. शेवटी हातात नुसता चौकोनी कागद उरला, वळ पडलेला. तो तिनं शेटसमोर सपाट मांडला.

शेटनं एक कोपरा दुमडून पाहिला. तो भलतीकडं गेला. त्यानं दुसरा दुमडला, मग तिच्याकडं पाहिलं.

तिनं पदर सारखा केला आणि पायरी उतरून चालू लागली.