आप्पांनी पाहिलेली भिंत

मी बेळगाव सोडलं त्या सकाळी आप्पा स्टँडवर माझ्याकडे धड बघतही नव्हते. समोरच्या रसवंतीवर कुणीतरी नवी पाटी रंगवली होती, तिच्यात त्यांचा जीव अडकला होता. "उसाला सावली द्यायची राह्यलीया बघ," म्हणाले, आणि बस हलली. आप्पा म्हणजे माझे वडील, येळ्ळूर-कंग्राळीपर्यंतच्या दुकानांचे पेंटर. डिझाइन शिकायला बंगळूरला निघालेल्या मला त्यांची लाज वाटली.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं पळून आलेल्यांनो, लाज चुकीच्या माणसाची वाटली. इथं मी कॅफेंच्या भिंती 'डिझाइन' करते. कोरं लाकूड घासून जुनं करायचं, गंज कॉम्प्युटरवर रंगवायचा आणि 'व्हिंटेज फील' म्हणून क्लायंटच्या गळ्यात मारायचा. लोक त्यापुढे तोंडाचा चंबू करून सेल्फी घेतात. भिंतीकडे पाठ असते सगळ्यांची. आपल्याकडे सलूनमध्ये आप्पांनी काढलेला धबधबा होता. दाढीला बसलेला माणूस न्हाव्याला थांबवून त्यातले मासे मोजायचा. गिरणीच्या दारावरची त्यांची जोंधळ्याची कणसं बघायला मी शाळेतून लांबच्या रस्त्यानं यायचे. त्याला आर्ट म्हणण्याचा आगाऊपणा कुणी करत नव्हतं.

मग मी अतिशहाणपणा केला. आप्पांच्या पाट्यांचे फोटो काढले आणि त्यांची अक्षरं एका कॅफेच्या दर्शनी भिंतीवर चिकटवली. ऑफिसात टाळ्या पडल्या. डॉक्टरला गुडघे दाखवायला आप्पा बंगळूरला आले तेव्हा त्यांना तिथं नेलं. खरं सांगते, त्या टाळ्यांची मला काडीची किंमत नव्हती. आप्पांचं एक 'बरं जमलंय' हवं होतं.

पाटी कशी झाली हे आप्पा कधी जवळून ठरवत नाहीत, रस्त्यापलीकडे जाऊन बघतात. तिथंही दुखऱ्या गुडघ्यांनी ट्रॅफिकमधून पलीकडे गेले, बराच वेळ उभे राहिले. परत येऊन एका अक्षराचं टोक नखानं उचकटलं. स्टिकर सुटला.

"अक्षर माझंच हाय," ते म्हणाले. "पण ह्यो दुकानदार इकतोय काय, ते कुठं लिवलंय गं?"

कुठंच लिहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला. आप्पा कॉफी प्यायले.

इथं माझ्या कामाला सगळे न बघताच 'ऑसम' म्हणतात. घर कुठं, असं विचारलं की मी अजून बेळगावच सांगते. माझं काम नीट बघून, ते फसलंय असं तोंडावर सांगणारा माणूस तिथं राहतो.