मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये सापडलेली मुलगी

त्या दिवसाची आठवण आली की निवृत्तीनंतरही मला एकट्यालाच हसू येतं. हैदराबादला चिक्कडपल्लीच्या पोलीस ठाण्यात नेमणूक असताना एक मराठी गृहस्थ घाबरेघुबरे आले.

"साहेब, मुलगी सकाळपासून गायब आहे. फोन बंद."

मुलगी अठरा पूर्ण. मिसिंगची नोंद घेताना मी विचारलं, "घरात भांडण?"

"छे हो! उलट तिच्या इंजिनिअरिंगसाठी राहता फ्लॅट विकतोय. खासगी कॉलेजला पैसा लागतो. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय."

महत्त्वाची गोष्ट फिर्यादी बहुधा अशीच जाता जाता सांगतात.

जवळच बरकतपुऱ्यात राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला महिला कॉन्स्टेबलने त्या मैत्रिणीच्या आईसमोरच विचारलं. आधी 'मला माहीत नाही', मग रडू. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "अंकल, तिला सरकारी युनिव्हर्सिटीत सीट मिळेल, तेवढा रँक आहे. घर विकायला ती नक्को म्हणते. पण तिचे बाबा ऐकतच नाहीत. म्हणतात, तिथे मोडकी बाकं अन् कबुतरं."

तेवढ्यात बीटवरच्या कॉन्स्टेबलचा फोन आला. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याने फोटो ओळखला होता. म्हणाला, "हौ साब, मैंच छोड्या. युनिव्हर्सिटी के गेट पो."

वडिलांना जीपमध्ये घेऊन निघालो. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये पोरगी सापडली. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या छोट्या गाडीशेजारी उकिडवी बसलेली, हात ग्रीसने काळे.

"बाबा! परेशान झालात का? तुम्हाला दाखवायला फोटो काढत होते, त्यात बॅटरीच संपली."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी शेवटच्या वर्षातल्या एका मुलीची जी उलटतपासणी घेतली, ती मीही घेतली नसती. शिकवतात का? मशीन चालू आहेत का? नोकरी लागते का?

"लगती अंकल," ती हसली. "मेरेकू तो लग गई."

मग पोरांनी त्यांना त्या गाडीत बसवून आवारात चक्कर मारून आणली. लेक टाळ्या वाजवत मागे धावत होती. उतरल्या उतरल्या त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला, "फ्लॅट विकायचा नाही. माझी मुलगी घरातूनच कॉलेजला जाणार आहे."

तिला तिथेच प्रवेश मिळाला आणि ठाण्यात पेढे आले. त्यानंतर मुलगी बेपत्ता झाल्याची फिर्याद आली की फोटो मागण्याआधी मी घरच्यांना विचारू लागलो, "तिचं म्हणणं काय होतं?" पुष्कळदा शोध तिथूनच सुरू झाला.