भैरोबाची उजवी कळी

कौल्या पान खायचं असलं तरी आधी भैरोबाला विचारील, असं आम्ही सांगलीच्या होस्टेलवर म्हणायचो. त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलंच नव्हतं. कडेगावकडचा हा पोरगा काही ठरवायचं असलं की गावी जाऊन कौल लावायचा. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. डिप्लोमाला तो आला तोही उजव्या कळीवर.

मोटारीवर मात्र त्याचा हात देवाला न विचारता चालायचा. तेव्हा उसाच्या पट्ट्यात नवे पंप बसत होते आणि भराभर जळतही होते. शेवटच्या वर्षी आम्ही ठरवलं, दोघांनी भागीत जळलेल्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान टाकायचं. आमच्या साताऱ्याच्या घरात सगळे नोकरदार, धंदा म्हटलं की वडिलांच्या कपाळाला आठ्या. तरी भांडून त्यांना राजी केलं. कडेगावात गाळा बघितला. मालक सोमवारपर्यंतच थांबणार होता. कौल्या म्हणाला, "आदी देवाला इचारू, गड्या."

मी देव फारसा मानत नव्हतो. पण रविवारी गाभाऱ्यासमोर मीही हात जोडून उभा राहिलो. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "दोघं मिळून धंदा करत्यात, देवा, येस दे." कितीतरी वेळ काही पडेना. मी उजव्या कळीवरची नजर काढली नाही. पडली ती डावी.

कौल्या मंडपात जाऊन बसला. पुन्हा लावू म्हटलं, तर एका गोष्टीचा कौल दोनदा लावत नाहीत म्हणाला. आता कुठंतरी नोकरीच बघायची म्हणाला. मला भयंकर राग आला, पण त्याचा चेहरा बघून रागापेक्षा भीतीच जास्त वाटली. हा खरंच पुन्हा मोटारीला हात लावणार नव्हता. तेवढ्यात गुरवाचं गाऱ्हाणं आठवलं.

"दोघांचं विचारलं," मी म्हणालो. "तुझ्या एकट्याचं कुठं विचारलंय?"

"मग तुजं काय रं?"

मी गुरवाला हाक मारून त्याच्या एकट्याचा कौल लावायला सांगितलं. या खेपेला उजवी कळी लगेच पडली. त्याच्यासाठी जीव भांड्यात पडला, माझी भागी मात्र तिथंच संपली.

मी साताऱ्यात एका कचेरीत चिकटलो. दसऱ्याला दुकान उघडलं तेव्हा आवर्जून गेलो. पाटीवर डावीकडे त्याचं नाव होतं, उजवीकडे तेवढीच कोरी जागा. रंगारी चुकला का, मी विचारलं.

"देवानं भागी नको म्हटलंय," कौल्या म्हणाला. "जागा ठिवू नको असं कुटं म्हटलंय?"

पुढं त्यानं ती पाटी पुन्हा रंगवून घेतली. जागा तशीच आहे.