घोडीचा दिवस संपला

आबांनी मेंढरं विकली आणि घोडी तेवढी मागे राहिली. तिच्यावर आमच्यातलं कधी कोणी बसलं नव्हतं. तळ हलला की तिच्या पाठीवर भांडी, पाल, नुकती जन्मलेली कोकरं, माणसं पायी. "बसायला आपुन काय राजं हाव व्हय?" आबा म्हणायचे.

आता तिला काम उरलं नव्हतं आणि आबा तिला देऊन टाकायचं बोलत होते. माझा जीव तुटायचा. तेवढ्यात जुन्नरकडे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची शर्यत असल्याचं कळलं. चाळीस किलोमीटर. नुसता वेग कामाचा नाही, घोडं शेवटपर्यंत धडधाकट पोचलं पाहिजे. चालण्यात आमच्या घोडीचा हात कोण धरणार? "पुरी केलीस तर ऱ्हाऊ दे तिला," आबा म्हणाले.

थंडीभर मी लोणीच्या माळावर शिकले. शिकले म्हणजे आधी भरपूर आपटले. गावाला फुकटचा तमाशा. "राव, पोरीला बी सामान समजून टाकतीय घोडी!"

शर्यतीत पिंपरी पेंढारला अर्ध्या वाटेची तपासणी होती. डॉक्टरांनी घोडीची नाडी बघून मान डोलावली. मी हरखले. सगळ्यांसारखं खोगीर उतरवलं, तिच्या अंगावर पाणी मारलं. विश्रांती संपल्यावर खोगीर पुन्हा चढवलं, तर घोडी जागची हलेना. गोंजारलं, ओढलं, शिव्या घातल्या. व्यर्थ.

टेम्पोतून मागोमाग आलेले आबा खाली उतरले. "वझं उतरीवलंस? मग तिचा दिस संपला, बाय. वझं उतरलं म्हंजी मुक्काम."

घोडी आल्या वाटेकडे कान टवकारून उभी होती. ती नेहमी कळपाच्या आधी तळावर पोचायची.

"मेंढरांची वाट बघतीया," आबा म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागले. मेंढरं विकताना त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शर्यत गेल्याचं दुःख मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. तिला ठेवा, असं मात्र पुन्हा म्हणवलं नाही.

दिवाळीनंतर मामाचा कळप कोकणात उतरायला निघाला. मीच घोडीचा दोर मामाच्या हातात दिला. मामीने ओझं लादलं, दोऱ्या आवळल्या. घोडी निमूट उभी होती. शेवटची गाठ बसली आणि कोणी हाकायच्या आत ती चालू लागली.

माझ्याखाली ती एकदाही अशी आपणहून निघाली नव्हती.